कुठला डिस्ट्रो घेऊ? पहिलं लिनक्स निवडण्याची आठ पायऱ्यांची वाट

लिनक्सवर यायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांच्या, नावांचा पाऊस पडतो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, ओपनसुसे, एमएक्स... आणि ज्याला विचाराल तो स्वतः वापरतो तेच नाव ठामपणे सांगतो. मीही असंच चार जणांना विचारलं, चार नावं मिळाली, आणि पहिल्या दोन महिन्यांत सहा डिस्ट्रो टाकले आणि काढले. दर वेळी पुन्हा तेच: वाय-फायचा पासवर्ड, ब्राउझरचे बुकमार्क, प्रिंटर, मराठी कीबोर्ड. पाचव्या खेपेला घाईघाईत डिस्कचा चुकीचा भाग (पार्टिशन) फॉरमॅट झाला आणि दीड वर्षाचे फोटो गेले. थोडे परत मिळाले, बहुतेक नाहीत.

त्यानंतर मी शांतपणे बसून एक क्रम लिहून काढला. घरातली आणि ओळखीतली बरीच मशीन मी याच क्रमाने लावून दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. डिस्ट्रो परीक्षणं वाचून ठरत नाही, तुमच्या मशीनवर तुमची रोजची कामं करून बघितली की ठरतो. म्हणून खालची चौथी पायरी सगळ्यात लांब आहे. बाकी काही गाळलंत तरी ती गाळू नका.

आधी एक उलगडा

लिनक्स हे नाव खरं तर फक्त कर्नलचं, म्हणजे मशीन आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काम करणाऱ्या गाभ्याचं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, हेलसिंकीत विद्यार्थी असताना, त्याची घोषणा केली. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला होता आणि कर्नलभोवती लागणारी कितीतरी अवजारं तिथे तयार होत होती. कर्नल, ही अवजारं, डेस्कटॉप, इन्स्टॉलर आणि हे सगळं एकत्र बांधून त्याचे अपडेट पुरवत राहणारी माणसं, या साऱ्यांचा मिळून एक डिस्ट्रो होतो.

हे कळलं की भीती निम्म्याने कमी होते. सगळ्यांच्या पोटात कर्नल एकच. फरक मुख्यतः तीन ठिकाणी असतो: अपडेट किती वेगाने येतात, समोर डेस्कटॉप (मेन्यू, खिडक्या, चिन्हं यांची मांडणी) कुठला दिसतो, आणि हे सगळं सांभाळतंय कोण. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी, गिम्प हे प्रोग्राम जवळजवळ सगळीकडे तेच मिळतात.

काय काय जवळ लागेल

- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यातलं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असा
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची हार्डडिस्क
- नेटची केबल, किंवा यूएसबीने नेट देऊ शकणारा फोन
- विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहिलेली
- अडलं तर शोधायला दुसरा कॉम्प्युटर किंवा फोन
- चार्जर, वही आणि पेन

वही कशाला, असं वाटेल. बूट मेन्यूत किंवा बायोसमध्ये असताना स्क्रीनवर दुसरं काही उघडता येत नाही आणि नेमक्या त्याच वेळी एखादं नाव किंवा अंक आठवावा लागतो. वही लागतेच.

पायरी १: मशीनची ओळख करून घ्या

मॉडेलचं पूर्ण नाव, प्रोसेसर, रॅम, डिस्क एसएसडी आहे की जुनी फिरणारी, ग्राफिक्स कुणाचं आणि वाय-फायची चिप कुणाची, एवढं वहीत उतरवा. विंडोजमध्ये ही माहिती सिस्टम इन्फर्मेशन आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते.

वाय-फायच्या चिपकडे विशेष लक्ष द्या, नवख्यांची पहिली अडचण बहुधा तिथेच येते. इंटेलच्या चिपा सहसा काही न करता चालतात. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना आणि रिअलटेकच्या काही मॉडेलांना ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला नेट लागतं. साहित्यात केबल आहे ती यासाठी. ग्राफिक्समध्ये इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. एनव्हीडिया असेल तर त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगळा बसवावा लागतो, तेव्हा तो दोन क्लिकमध्ये बसवून देणारा डिस्ट्रो घेतलेला बरा.

रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर कुठलाही डेस्कटॉप चालेल. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी किंवा माटे असा हलका डेस्कटॉप घ्या. त्याहून कमी असेल तर अँटीएक्ससारखे मुद्दाम हलके बांधलेले डिस्ट्रो आहेत, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडायची अपेक्षा ठेवू नका. डिस्ट्रो बदलून सिस्टमला लागणारी रॅम कमी करता येते, ब्राउझरची भूक मात्र सगळीकडे सारखीच असते. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क असेल आणि एकाच गोष्टीवर खर्च करणं शक्य असेल, तर एसएसडी बसवा. डिस्ट्रो बदलून तेवढा फरक पडत नाही.

प्रोसेसर ३२ बिटचा आहे का तेही बघा. असेल तर यादी फार आखडते. उबुंटूने ३२ बिट डेस्कटॉपचं इन्स्टॉलर २०१७ मध्ये थांबवलं आणि डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून तसं इन्स्टॉलर देणं बंद केलं.

उलट टोकालाही सापळा आहे. लॅपटॉप बाजारात नुकताच आलेला असेल तर त्यातल्या चिपा ओळखायला नवं कर्नल लागतं. तिथे डेबियनची स्थिर आवृत्ती अडखळू शकते आणि फेडोरा सहज चालून जातो. म्हणजे 'स्थिर' डिस्ट्रो जुन्या मशीनला जितका मानवतो, तितका कोऱ्या मशीनला मानवेलच असं नाही.

पायरी २: आपल्या कामांची यादी करा

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर काय काय केलं ते आठवून लिहा. 'काय करायला आवडेल' ते नको, प्रत्यक्षात केलेलं हवं. मग प्रत्येक कामापुढे त्यासाठी वापरलेला प्रोग्राम लिहा.

ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामांची काळजी नको. मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप मात्र लिनक्सवर थेट बसत नाहीत. लिबरऑफिस वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतं, साध्या कागदांना पुरतंही, पण गुंतागुंतीचे मॅक्रो आणि बारीक मांडणी असलेले तक्ते हलू शकतात. गेम खेळत असाल तर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमुळे २०१८ पासून पुष्कळ काही चालू लागलंय, पण फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम अजूनही चालत नाहीत. डिजिटल सहीचं टोकन, हिशेबाचं एखादं खास सॉफ्टवेअर, स्कॅनर, यांची चौकशी आधीच करा.

यादीत असं एखादंच काम निघालं आणि ते पोटापाण्याचं असलं, तर विंडोज काढू नका. दोन्ही शेजारी ठेवा. ही माघार नाही. मी स्वतः पहिलं वर्षभर तसंच काढलं.

पायरी ३: दोनच नावं निवडा

दोनच. तिसरं नाव आलं की तुलना संपत नाही.

डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावरची क्रमवारी बघून निवड करणारे खूप भेटतात. तो आकडा त्या त्या डिस्ट्रोचं पान किती जणांनी उघडलं याचा असतो. किती जणांनी बसवला किंवा किती जण समाधानी आहेत हे त्यातून कळत नाही. नावं जमवायला ती यादी ठीक आहे, निवडायला नाही.

मी बघते ते आधी अपडेटचा वेग आणि सपोर्टची मुदत. उबुंटूच्या आवृत्तीच्या आकड्यात वर्ष आणि महिना असतो. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली पहिली आवृत्ती ४.१०, तर २०२४ च्या एप्रिलमधली २४.०४. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीपुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) लिहिलेलं असतं आणि तिला पाच वर्षं नेहमीचा सपोर्ट मिळतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. नवखी माणसं 'सगळ्यात नवीन ते घेऊ' म्हणून मधली आवृत्ती उतरवतात आणि नऊ महिन्यांनी अपडेट बंद झाले की गोंधळतात. एलटीएसच घ्या.

मिंट उबुंटूच्या एलटीएसवरच बांधलेला आहे. २००६ पासून चालू आहे, त्याचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोजवरून येणाऱ्याला चटकन कळतो, आणि हलक्या मशीनसाठी माटे आणि एक्सएफसीईच्या आवृत्त्याही आहेत. ज्यांना कॉम्प्युटरशी खेळायचं नाही, फक्त वापरायचाय, त्यांना मी बिनदिक्कत मिंट सुचवते.

डेबियन या सगळ्यांतला थोरला म्हणावा असा. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केला, मागे कंपनी नाही, स्वयंसेवकांचा समूह आहे. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि दरम्यान फारसं काही हलत नाही. पूर्वी वाय-फायचं फर्मवेअर वेगळं शोधावं लागायचं. २०२३ मधल्या १२व्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरसोबतच येतं, त्यामुळे 'डेबियन नवख्यांसाठी नाही' हा जुना सल्ला आता तितकासा खरा राहिलेला नाही.

फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी येतो आणि एका आवृत्तीला सुमारे तेरा महिने सांभाळतो. नव्या लॅपटॉपसाठी आणि नवं तंत्र लवकर हवं असणाऱ्यांसाठी चांगला. वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावं लागेल हे मान्य असेल तरच घ्या.

आर्च आणि ओपनसुसे टंबलवीड हे सतत वाहणारे डिस्ट्रो आहेत, त्यांना आवृत्ती अशी नसतेच. टंबलवीड अपडेटच्या आधी आपोआप डिस्कची नोंद घेऊन ठेवतो, बिघडलं तर बूट होतानाच मागच्या स्थितीला जाता येतं. आर्चचं विकी मात्र तुम्ही कुठलाही डिस्ट्रो वापरा, खूण करून ठेवा. लिनक्सबद्दल इतकं नेटकं लिहिलेलं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. पण पहिलाच डिस्ट्रो म्हणून आर्च घेऊ नका. तो शिकायचा असेल तर दुसरं, कामाचं नसलेलं मशीन घ्या.

लिनक्सच्या बाहेरचं फ्रीबीएसडीही मुक्तस्रोत आहे आणि १९९३ पासून आहे. त्यात कर्नल आणि मूळ सिस्टम एकच चमू बांधतो, त्यामुळे सगळं एकसंध वाटतं, दस्तऐवजही उत्तम. लॅपटॉपवर मात्र वाय-फाय आणि स्लीप जुळवायला जास्त खटपट पडते. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आहे त्या सिस्टमच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये बघा.

आता मागे कोण आहे ते. सर्व्हरवर खूप वापरला जाणारा सेंटओएस ८ हा डिस्ट्रो घेतलेल्यांची अपेक्षा २०२९ पर्यंत अपडेट मिळतील अशी होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या शेवटी ते थांबणार. त्यातून रॉकी आणि अल्मा हे नवे डिस्ट्रो उभे राहिले, म्हणून लोक निभावले. पण हे लक्षात ठेवा आणि एक-दोन माणसांच्या बळावर चालणारा देखणा नवा डिस्ट्रो रोजच्या कामाला घेण्याआधी बघा: किती वर्षं चालू आहे, शेवटची आवृत्ती कधी आली, सुरक्षेचे अपडेट वेळेवर येतात का.

एवढ्यावरून दोन नावं निघतात. जुनं मशीन आणि साधी कामं असतील तर मिंट एक्सएफसीई आणि डेबियन. नवा लॅपटॉप असेल तर फेडोरा आणि उबुंटूची ताजी एलटीएस. वहीत लिहा आणि यादी बंद करा.

पायरी ४: पेनड्राइव्हवरून एक संध्याकाळ वापरा

अधिकृत संकेतस्थळावरूनच आयएसओ फाइल (ज्यात अख्खा डिस्ट्रो असतो ती) उतरवा आणि तिचा चेकसम तपासा. एसएचए-२५६ हा ६४ अक्षरांचा आकडा संकेतस्थळावर दिलेला असतो, तो तुमच्या फाइलच्या आकड्याशी जुळला पाहिजे. हे कंटाळवाणं काम उगीच सांगितलेलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोर मिंटच्या संकेतस्थळात घुसले आणि उतरवण्याचा दुवा मागचं दार बसवलेल्या आयएसओकडे वळवला. चमूने ते लवकर पकडलं आणि स्वतःच जाहीर केलं, पण त्या दिवशी फाइल घेऊन न तपासता बसवणारे अडकले. शक्य असेल तर आकड्यासोबत दिलेली डिजिटल सहीही तपासा, कारण संकेतस्थळच ताब्यात गेलं तर तिथला आकडाही बदलता येतो.

फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेनाएचरने ती लिहावी लागते. व्हेंटॉय वापरलंत तर एकदा पेनड्राइव्ह तयार केल्यावर त्यात हव्या तेवढ्या आयएसओ फाइली साध्या कॉपी करता येतात. दोन डिस्ट्रो बघायचेत, तेव्हा हेच सोयीचं. लिहिताना ड्राइव्हचं नाव आणि आकार दोनदा वाचा, शेजारी बॅकअपची डिस्क लागलेली असेल तर ती आधी काढून ठेवा.

मशीन सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. सापडली की वहीत लिहा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) चालू असतानाही उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन आणि ओपनसुसे सुरू होतात, तेव्हा ते बंद करायची घाई नको. बंद केलंत तर विंडोज पुढच्या वेळी बिटलॉकरची की मागू शकतं. ती जवळ नसेल तर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभं राहायची वेळ येते.

लाइव्ह डेस्कटॉप, म्हणजे काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारा, समोर आला की 'इन्स्टॉल'च्या चिन्हाला हात लावू नका. आता तपासणी.

वाय-फाय जोडा. एक व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर पंधरा मिनिटं चालू द्या आणि पंख्याचा आवाज ऐका. स्पीकर, हेडफोन, माइक, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रखरता कमी-जास्त करायच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर, एकेक करून बघा आणि वहीत बरोबर-चूक खुणा करा.

मग झाकण लावा. सावकाश शंभरपर्यंत मोजा. उघडा.

माझी निवड याच कसोटीवर झाली. दोन डिस्ट्रो होते, दोन्ही सुंदर, दोन्हींत सगळं चालत होतं. पहिल्यात झाकण उघडल्यावर पंखा फिरत होता, कळफलकाचा दिवा लागलेला होता आणि स्क्रीन काळीच. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं लागलं. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. दुसऱ्यात झाकण उघडलं तेव्हा मी सोडलेलं पानच समोर होतं आणि वाय-फाय क्षणभरात परत जोडलं गेलं. दिवसातून दहा वेळा झाकण लावणाऱ्या माणसाला याहून मोठं वैशिष्ट्य नाही. ते मला एकाही परीक्षणात सापडलं नसतं, कारण ते माझ्या मॉडेलपुरतं होतं.

त्यानंतर मराठी. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या भागात मराठी जोडा आणि एडिटर उघडून हे टाइप करा: वाऱ्यावर, ऱ्हस्व, ज्ञान, स्त्रिया, कृत्रिम, श्रद्धा, बाळ. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र नीट वळतो का बघा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ऱ हे वेगळं अक्षर आहे, र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतं. साधा र घेतलात तर 'वार्यावर' होतं आणि दोष फॉन्टचा वाटतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबसचं एम१७एन पॅकेज लागेल, ते लाइव्हमध्येही तात्पुरतं टाकून बघता येतं. ल आणि श चं मराठी वळण काही फॉन्टांत कागदाची भाषा मराठी ठेवली की येतं, तेव्हा लिबरऑफिसमध्ये भाषा बदलून एकदा बघा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या जुन्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम विंडोजवर असतानाच उरका.

शेवटी तुमच्या खऱ्या फाइली. दुसऱ्या पेनड्राइव्हवर नेहमीचे चार कागद घ्या: एक लांब दस्तऐवज, एक तक्ता, एक पीडीएफ अर्ज, एक सादरीकरण. उघडा आणि पानांची संख्या तीच राहते का बघा.

वेगावरून मात्र काही ठरवू नका. सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय, ते संथ असणारच.

दुसऱ्या दिवशी दुसरा डिस्ट्रो, तीच यादी, त्याच खुणा. दोन पानं शेजारी ठेवलीत की उत्तर सहसा दिसतं. दोन्ही सारखेच निघाले तर ज्याची मदतीची पानं वाचून तुम्हाला जास्त कळतं, तो घ्या.

पायरी ५: बॅकअप, आणि तो उघडून बघा

सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, ईमेलचं जुनं खोकं, फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या लायसन्स कीही. मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून पाच-सहा फाइली प्रत्यक्ष उघडा. माझे फोटो गेले तेव्हा बॅकअप होता, पण त्यातलं ते फोल्डर रिकामं होतं. कॉपी मध्येच थांबली होती आणि मी बघितलं नव्हतं.

बघून झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल चालू असताना ती मशीनला लागलेली नको.

पायरी ६: इन्स्टॉल

संपूर्ण डिस्क लिनक्सला द्यायची असेल तर काम सोपं आहे, इन्स्टॉलर विचारेल ते वाचून पुढे जा. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी विंडोजमध्ये जाऊन एवढं करा:

- फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिणं धोक्याचं होतं.
- विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने लहान करा. किमान ५० जीबी मोकळी जागा सोडा, जमल्यास १००.
- बिटलॉकरची की हाताशी आहे ना, पुन्हा बघा.

इन्स्टॉलरमध्ये 'डिस्क पुसा' आणि 'शेजारी बसवा' हे पर्याय एकाखाली एक असतात. इथे थांबा, मोठ्याने वाचा, मग क्लिक करा. स्वतः पार्टिशन करत असाल तर आधीचं ईएफआय पार्टिशन वापरा पण फॉरमॅट करू नका, विंडोज त्यातूनच सुरू होतं. जागा १०० जीबी किंवा जास्त असेल तर मूळ सिस्टमला ४० ते ५० जीबी आणि उरलेली जागा होमसाठी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरसाठी, वेगळी ठेवा. होम वेगळं असेल तर पुढे डिस्ट्रो बदलताना तुमच्या फाइली जागच्या जागी राहतात, फक्त तेव्हाही होमपुढे फॉरमॅटची खूण लागलेली नाही ना हे बघायचं. माझी चूक नेमकी त्या एका खुणेची होती.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळायची पद्धत चालू असण्याची शक्यता आहे. बायोसमध्ये जाऊन ती थेट एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर करू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमधून त्यासाठी तयार करावं लागतं. तुमच्या मॉडेलसाठीची पद्धत शोधा आणि मगच बदला.

लॅपटॉप बाहेर नेत असाल तर डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय आत्ताच निवडा, नंतर ते करणं फार किचकट आहे. ती पासफ्रेज हरवली तर डेटा कुणीच परत देऊ शकत नाही.

पायरी ७: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी सगळे अपडेट घ्या, रीस्टार्ट करा, मग ड्रायव्हर व्यवस्थापकात जाऊन एनव्हीडिया किंवा वाय-फायचं काही सुचवलंय का बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येऊन तोच विचारतो. तो पडदा बघून घाबरू नका आणि तसाच पुढेही जाऊ नका, तिथे की नोंदवली नाही तर ड्रायव्हर चालत नाही.

टाइमशिफ्ट हा प्रोग्राम लावून सिस्टमची नोंद ठेवा. एखाद्या अपडेटने घोळ केला तर दहा मिनिटांत मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये तुमचं होम फोल्डर घेत नाही. फोटो आणि कागदांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

दोन्ही सिस्टम असतील तर विंडोजमधलं घड्याळ चुकलेलं दिसू शकेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. बिघाड नाही, एका बाजूची सेटिंग बदलायची.

सॉफ्टवेअर आधी डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून घ्या, तिथे नसेल तर सगळ्या डिस्ट्रोंना चालणाऱ्या फ्लॅटहब या भांडारावरून. जाता जाता सापडलेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवू नका. सुडोने सुरू होणारी ओळ म्हणजे सिस्टमच्या किल्ल्या हाती देणं आहे, तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो हे कळल्यावरच एंटर दाबा. आणि डेबियनमध्ये उबुंटूची भांडारं जोडू नका. आज चालल्यासारखं दिसतं, पुढच्या मोठ्या अपग्रेडला सगळं अडकतं.

पायरी ८: सहा महिने बदलू नका

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या डेस्कटॉपचं चित्र दिसतं आणि मन चळतं. बहुतेक वेळा तुम्हाला हवा असतो तो डेस्कटॉप, डिस्ट्रो नव्हे. केडीई, ग्नोम, एक्सएफसीई हे जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत आहेत, लाइव्ह पेनड्राइव्हवर त्याच डिस्ट्रोची दुसऱ्या डेस्कटॉपची आवृत्ती चालवून बघा आणि आवडली तर तेवढंच बदला.

या सहा महिन्यांत काही तरी मोडेल. ते स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न करा. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा वहीत लिहा, डिस्ट्रोचं आणि आवृत्तीचं नाव जोडून शोधा, काय केलं आणि कशाने सुटलं तेही लिहा. मला माझा डिस्ट्रो आवडू लागला तो पहिल्या दिवशी नाही. प्रिंटर आठवडाभर रुसला होता, कारण सापडलं आणि कागद बाहेर आला, त्या रात्री आवडू लागला.

बदलायची खरी कारणं थोडीच आहेत: मशीनचा एखादा भाग कर्नल नवं करूनही चालत नाही, रोजच्या कामाचा प्रोग्राम मिळत नाही, किंवा सपोर्ट संपतोय. सपोर्ट संपल्याची तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उबुंटू २४.०४ आणि त्यावरचा मिंट २२ असेल तर २०२९. उबुंटूच्या पुढच्या एलटीएसवर जायची सूचना ती आवृत्ती आल्याबरोबर येत नाही, काही महिन्यांनी तिची .१ ही सुधारित आवृत्ती निघाल्यावर येते. सूचना आली की आधी पाचवी पायरी पुन्हा करा आणि मगच अपग्रेडचं बटण दाबा.